वेदनेची नोंद : प्रस्तावना

गर्भाशयाचे विकार, त्यांवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया आणि त्या शस्त्रक्रियांनंतर रुग्ण स्त्रीला होणाऱ्या वेदनांचे निवारण, या तीन बाबींसंबंधी गेल्या दोनशे वर्षांत जे संशोधन झाले, त्याची साद्यंत ओळख मराठी वाचकास करून द्यावी, या हेतूने पुढील प्रकरणांची योजना केलेली आहे. विषय वैद्यकाचा असला, तरी तो वैद्यांच्या दप्तरात बंद राहावा असा नाही. ज्या घरात चाळिशीकडे झुकलेली एखादी स्त्री आहे, त्या घराशी या विषयाचा कधी ना कधी संबंध आलेलाच असतो. परंतु त्याची वाच्यता माजघराच्या उंबऱ्यापलीकडे क्वचितच होते, आणि झालीच तर ‘बायकांचे दुखणे’ म्हणून तिचा तेवढ्यावरच निकाल लागतो. पुष्कळदा हा निकाल लावणारी ती स्त्री स्वतःच असते, कारण सोसण्याचे शिक्षण तिला इतर कोणत्याही शिक्षणाच्या आधी मिळालेले असते.

या प्रास्ताविकात मला मुख्यतः एकच गोष्ट वाचकांपुढे ठेवावयाची आहे. स्त्रीच्या शरीरातील वेदना ही जोवर निमूटपणे सोसण्याची बाब मानली गेली, तोवर तिचे शास्त्र निर्माण झाले नाही. ती विचारण्याची, मोजण्याची आणि लिहून ठेवण्याची बाब ठरली, तेव्हापासून योग्य इलाज सापडू लागले, आणि अयोग्य इलाजांना आळा घालण्याचे साधनही हाती आले. वेदना विचारणे हे दयेचे कृत्य आहे यात शंका नाही. परंतु त्याहीपेक्षा ते ज्ञानाचे साधन आहे, आणि ज्या ज्या ठिकाणी या साधनाची हयगय झाली, त्या त्या ठिकाणी शास्त्राची वाट चुकली, हे पुढील इतिहासावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

१८०९ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील केंटकी संस्थानात डॅनव्हिल या लहानशा गावी इफ्रेम मॅक्डॉवेल नावाच्या शल्यवैद्याने जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या उदरातून बीजकोशाची सुमारे साडेबावीस पौंड वजनाची गाठ काढली. आपणास दिवस गेले आहेत, अशी तिची आरंभी समजूत होती. ती गाठ आहे असे निश्चित झाल्यावर मॅक्डॉवेलने या प्रयोगातील जिवाचा धोका तिला स्पष्ट सांगितला, आणि तरीही ती ऐन थंडीत साठ मैलांची वाट घोड्यावरून तुडवीत त्याच्या घरी आली. भूल देण्याची विद्या त्या काळी अवगत नव्हती. पंचवीस मिनिटे चाललेल्या त्या शस्त्रक्रियेत ती स्तोत्रे म्हणत राहिली. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहावयास आला, तेव्हा ती उठून स्वतःचे अंथरूण नीट करीत होती. आणि त्यानंतर ती तीस वर्षांहून अधिक काळ जगली. उदरशल्याचा आरंभ या घटनेपासून मानतात आणि मॅक्डॉवेलचे नाव आदराने घेतात, ते रास्तच आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या जो वृत्तान्त सांगितला गेला, त्यात गाठीचे वजन आणि शल्यवैद्याचे धैर्य हीच ठळक झाली. त्या स्त्रीच्या सहनशक्तीचा उल्लेख आला तो केवळ नवलाची गोष्ट म्हणून.

याच इतिहासाचे दुसरे पान अधिक वेदनादायक आहे, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातील माँटगोमेरी येथे जे. मॅरियन सिम्स या शल्यवैद्याने, अवघड बाळंतपणामुळे मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये पडणारे छिद्र शिवून काढण्याची पद्धती सिद्ध केली. ज्यांच्यावर हे प्रयोग झाले, त्या सर्व गुलाम स्त्रिया होत्या. त्यांपैकी अनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीन नावे आपणास ज्ञात आहेत, आणि एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. ईथरच्या भुलीचा जाहीर प्रयोग १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टन येथे यशस्वी होऊनही सिम्सने या स्त्रियांना भूल दिली नाही. या शोधाने पुढे असंख्य स्त्रियांचे आयुष्य सावरले हे खरे. आणि ज्यांच्या देहावर तो लागला त्यांची संमती कायद्याने विचारण्याची गरजच नव्हती, हेही तितकेच खरे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्सचा पुतळा २०१८ साली हलविण्यात आला. पुतळा हलविल्याने इतिहास पालटत नाही. परंतु संशोधनाच्या यशाचा हिशेब मांडताना ज्यांनी ते सोसले त्यांचे खाते वगळता येत नाही, हे तत्त्व तेथे उशिरा का होईना, मान्य झाले.

एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसनने १८४७ साली प्रथम ईथर आणि मग क्लोरोफॉर्म प्रसूतीच्या वेळी वापरले, तेव्हा स्त्रीने वेदनेतच प्रसवावे अशी ईश्वराज्ञा आहे, असा आक्षेप बायबलाच्या आधाराने घेण्यात आला, आणि त्याला सिम्पसनने त्याच ग्रंथाच्या आधाराने उत्तर दिले. १८५३ च्या एप्रिलमध्ये राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी व्हिक्टोरिया राणीने जॉन स्नोच्या हातून क्लोरोफॉर्म घेतले आणि त्या वादाचा जोर ओसरला. परंतु भुलीने शस्त्रक्रियेच्या घटकेपुरता प्रश्न सोडविला. भूल उतरल्यानंतरच्या रात्रीचा आणि त्यापुढील दिवसांचा प्रश्न जागच्या जागी राहिला. त्याकडे संशोधकांचे पुरते लक्ष वळण्यास आणखी शंभर वर्षांहून अधिक काळ लोटावा लागला.

आता विकारांकडे वळू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदांचे वर्णन आहे, आणि त्यांतील उदावर्तिनीच्या वर्णनात पाळीच्या वेळची पीडा आणि स्राव सुटल्यावर येणारा आराम या दोन्हींची नोंद आहे. लक्षणांचे निरीक्षण एवढे जुने असले, तरी त्यांच्या कारणांचा उलगडा मात्र अगदी अलीकडचा आहे. पाळीच्या वेळी ओटीपोटात येणारी कळ ही मनाचा खेळ किंवा नाजूकपणाचे लक्षण आहे, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जाणते डॉक्टरही सांगत असत. १९३० साली न्यूयॉर्कच्या कुर्झ्रॉक व लीब यांना, पुरुषाच्या वीर्यातील एखाद्या द्रव्याने गर्भाशयाच्या स्नायूची पट्टी आकुंचन वा प्रसरण पावते, असे आढळले. त्याच दशकात स्वीडनच्या फॉन ऑयलरने अशा द्रव्यास प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिले. आणि १९५७ साली इंग्लंडमध्ये पिकल्स यांनी पाळीच्या स्रावातच स्नायूला उत्तेजित करणारे द्रव्य असल्याचे दाखविले. जॉन व्हेन यांनी १९७१ साली ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात, हे सिद्ध केले, तेव्हा ही साखळी पूर्ण झाली, आणि १९८२ चे नोबेल पारितोषिक व्हेन, बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांना मिळाले. आज कोणत्याही गावातील औषधांच्या दुकानात पाळीच्या दुखण्यावर मिळणारी मेफेनॅमिक ॲसिडची गोळी याच संशोधनाच्या पायावर उभी आहे. जे दुखणे नखरा म्हणून हिणविले गेले, त्याचे रासायनिक कारण स्रावातच सापडले. वेदनेची तक्रार खरी मानून तिचा शोध घेतल्यावर काय साध्य होते, याचे याहून उत्तम उदाहरण मला सांगता येणार नाही.

गर्भाशयाच्या भित्तिकेत वाढणाऱ्या स्नायूंच्या गाठी, ज्यांना वैद्यकात फायब्रॉइड म्हणतात, त्या अतिशय सर्वसाधारण आहेत. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार पन्नाशीपर्यंत सुमारे ७० टक्के गोऱ्या आणि ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गर्भाशयात अशा गाठी असतात. यावरून एक महत्त्वाची गोष्ट उघड होते : गाठ असणे आणि गाठीचा त्रास असणे या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. सोनोग्राफीच्या कागदावर दोन सेंटिमीटरची गाठ लिहून आली, म्हणजे रोग सिद्ध झाला असे होत नाही. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात आणि पाळी गेल्यावर, स्त्रीसंप्रेरकांचा पुरवठा आटल्याने, आकसतात. याउलट एंडोमेट्रिओसिस या विकारात, म्हणजे गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाबाहेर रुजतो त्या विकारात, डोळ्यांना दिसणारा दोष अल्प आणि वेदना मात्र असह्य, असा प्रकार पुष्कळदा आढळतो. तसाच पेशीसमूह गर्भाशयाच्या स्नायूत शिरला, म्हणजे ॲडिनोमायोसिस होतो, गर्भाशय सुजल्यासारखे जड होते आणि दर पाळीला अंगावरून अतोनात जाते. या विकारांत चित्रापेक्षा कथनाला अधिक किंमत आहे, आणि ते कथन ऐकून घेण्यास वेळ लागतो. एंडोमेट्रिओसिसच्या निदानास पुष्कळ देशांत वर्षानुवर्षे विलंब होतो, याचे एक कारण या वेळेची काटकसर हेच आहे.

या साऱ्या विकारांवर दीर्घकाळ एकच रामबाण इलाज मानला गेला, तो म्हणजे गर्भाशय काढून टाकणे. आपल्याकडे यालाच ‘पिशवी काढणे’ म्हणतात. योग्य कारणासाठी केलेली ही शस्त्रक्रिया जीवदान देते, त्रासातून कायमची सुटका करते, आणि ती करून घेतलेल्या असंख्य स्त्रिया समाधानाने राहतात, हे येथे निःसंदिग्धपणे नमूद केले पाहिजे. प्रश्न आहे तो पर्यायांचा. फिनलंडमध्ये अतिरक्तस्रावाने त्रस्त अशा २३६ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात गर्भाशय काढले, दुसऱ्या गटात लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक हळूहळू सोडणारे साधन गर्भाशयात बसविले. पाच वर्षांनी दुसऱ्या गटातील सुमारे ४२ टक्के स्त्रियांना अखेर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, परंतु उरलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांची ती टळली, दोन्ही गटांतील स्त्रियांच्या आयुष्याच्या गुणवत्तेत फरक आढळला नाही, आणि साधनाच्या गटाचा खर्च कमी आला. जपानच्या उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ साली प्रसिद्ध केलेले ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्ताची गुठळी विरघळू न देणारे औषधही पाळीच्या अतिस्रावावर वापरले जाते. त्याच औषधाने बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, हे २१ देशांतील वीस हजारांवर स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले.

अंग बाहेर येण्याच्या विकारातही गर्भाशय राखून ते वर उचलून धरण्याची शस्त्रक्रिया करता येते, आणि या शाखेत मुंबईचे नाव जगभर झाले, ते गोव्याच्या शिरोडे गावचे सुपुत्र डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांच्यामुळे. गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयाच्या मुखाला घातला जाणारा त्यांच्या नावाचा टाका १९५५ पासून सर्वश्रुत आहे. परंतु तरुण वयात अंग बाहेर आलेल्या आणि पुढे मूल हवे असलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी बसविलेली, पट्टीच्या आधाराने गर्भाशय वर धरून ठेवण्याची शस्त्रक्रियाही तितकीच मोलाची आहे. इंद्रिय काढण्याआधी ते राखता येईल काय, हा प्रश्न मुंबईच्या प्रसूतिगृहांत सत्तर वर्षांपूर्वी विचारला गेला होता, याचा मराठी वाचकांस अभिमान वाटावा. आणि तो आज आपल्याच खेड्यांत विचारला जात नाही, याची खंतही वाटावी.

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचे स्वरूप समजून घेण्यास तिचे दोन प्रवाह वेगळे करावे लागतात. पोटावरील छेद, टाके, स्नायू यांतून उठणारी वेदना ठसठशीत असते, तिची जागा बोटाने दाखविता येते, आणि कूस बदलताना किंवा खोकताना ती उसळते. आतील इंद्रियांतून उठणारी वेदना याउलट बोथट, पसरट असते, कंबरेत वा मांड्यांत उतरते, आणि तिच्याबरोबर मळमळ येते. यांचे मज्जामार्ग भिन्न, म्हणून यांचे इलाजही भिन्न. पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये बधिर करणारे औषध सोडण्याची जी पद्धती २००१ च्या सुमारास आयर्लंडमध्ये पुढे आली, ती पहिल्या वेदनेवर गुणकारी ठरते. दुसरीवर तिचा उपाय चालत नाही. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी नव्वदीच्या दशकापासून आग्रहाने मांडलेले तत्त्व हेच, की एकाच जालीम औषधाचा डोस वाढवीत न्यावयाचा नाही, तर पॅरासिटामॉल, दाहशामक औषध, स्थानिक बधिरीकरण आणि गरजेपुरते मॉर्फिन यांची सांगड घालावयाची, म्हणजे प्रत्येकाची मात्रा कमी लागते आणि मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ, मंद श्वास हे मॉर्फिनचे दोषही आटोक्यात राहतात. ज्या स्त्रीला दुखत नाही ती लवकर उठून बसते, लवकर चालते, लवकर जेवते, आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भयही त्यामुळे कमी होते.

परंतु हे सारे ज्या एका प्रश्नावर अवलंबून आहे, तो प्रश्न कसा विचारला जातो, हे कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयाच्या स्त्रियांच्या कक्षात सकाळच्या फेरीच्या वेळी पाहावे. खाटेच्या पायथ्याशी लटकणाऱ्या तक्त्यावर ताप, नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण यांचे आकडे वेळच्या वेळी भरलेले असतात. डॉक्टर, त्यांच्यामागे विद्यार्थी, बाजूला सासू किंवा नवरा, आणि मधोमध काल शस्त्रक्रिया झालेली ती स्त्री. ‘काय बाई, दुखतंय का?’ असा प्रश्न चालता चालता विचारला जातो, आणि ‘नाही, बरं आहे’ असे उत्तर येते. फेरी पुढे सरकते. त्याच बाईला परिचारिकेने कुशीवर वळावयास सांगितले, की तिची मूठ खाटेच्या दांडीवर आवळते, श्वास अडतो, आणि तोंडातून शब्द न निघता डोळ्यांतून पाणी येते. म्हणूनच चाचण्यांमध्ये वेदना पडल्या पडल्या एकदा आणि हालचाल करताना एकदा, अशी निरनिराळी मोजतात. शून्य ते दहा असा आकडा विचारावा, आकडा कळत नसेल तर चेहऱ्यांची चित्रे दाखवावीत, आणि तो प्रश्न नातलगांच्या घोळक्यात न विचारता शांतपणे, शक्यतो स्त्री परिचारिकेने, ठरलेल्या वेळी विचारावा, हा या शास्त्राचा पहिला धडा आहे. ‘गरज पडल्यास इंजेक्शन’ असे केसपेपरवर लिहिले, म्हणजे मागण्याची जबाबदारी त्या स्त्रीवर टाकली. आणि जिला मागण्याची सवयच नाही, तिच्या वाट्याला ते इंजेक्शन येत नाही.

या दुर्लक्षाची किंमत केवळ त्या रात्रीपुरती नसते. डेन्मार्कमध्ये गर्भाशय काढलेल्या ज्या १,१३५ स्त्रियांना वर्षभरानंतर प्रश्नावली पाठवून विचारणा झाली व ज्यांची उत्तरे आली, त्यांच्यापैकी सुमारे ३२ टक्के स्त्रियांना ओटीपोटात वेदना होत होत्या, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना आधीपासून ओटीपोटाचे दुखणे होते, ज्यांचे पूर्वी सिझेरियन झाले होते, आणि ज्यांची पिशवी मुळात दुखण्यासाठीच काढली होती, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. पाठीच्या कण्यातून भूल दिलेल्या स्त्रियांत ते कमी आढळले. पिशवी काढली, आता दुखणे संपले, या सार्वत्रिक समजुतीला हा अभ्यास छेद देतो. वेदना दीर्घकाळ टिकली, की मज्जारज्जू व मेंदू यांची ग्रहणशीलताच वाढते, आणि मूळ कारण दूर झाल्यावरही ती मागे उरते, हे क्लिफर्ड वुल्फ यांच्या १९८३ मधील प्रयोगांपासून स्पष्ट होत आले आहे.

येथवर संशोधनाचे उपकार सांगितले; त्याची शिस्तही सांगितली पाहिजे. ओटीपोटाच्या जुनाट वेदनेवर दुर्बिणीतून गर्भाशयाच्या मागील बंधांतील मज्जातंतू तोडण्याची एक शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे होत असे. ब्रिटनमध्ये ४८७ स्त्रियांवर तिची रीतसर चाचणी झाली, आणि २००९ साली निष्कर्ष आला, की ती केली काय आणि न केली काय, वेदनेत फरक पडत नाही. गॅबापेंटिन हे औषध शस्त्रक्रियेच्या आधी देण्याचा शिरस्ता, विशेषतः गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांत, फार पसरला होता. २०२० साली २८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर त्याचा रुग्णास जाणवेल असा लाभ होत नाही, असे दिसून आले. असे नकारात्मक निष्कर्ष प्रसिद्ध करणे हे शास्त्राचे अपयश नसून त्याचे चारित्र्य आहे.

हे चारित्र्य सुटले म्हणजे काय होते, याचा दाखला याच क्षेत्रात आहे. जपानच्या योशिताका फुजी या भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर व ओकारीवर शेकडो निबंध प्रसिद्ध केले, आणि त्यांतील पुष्कळसे स्त्रीरोगांच्या शस्त्रक्रियांसंबंधी होते. २००० सालीच काही चिकित्सक वाचकांनी निदर्शनास आणले होते, की या निबंधांमध्ये डोकेदुखीसारख्या दुष्परिणामांचे आकडे निरनिराळ्या गटांत विलक्षण रीतीने अगदी सारखे येतात. तरीही पुढे बारा वर्षे ते निबंध आधार म्हणून घेतले जात राहिले. २०१२ साली इंग्लंडच्या जॉन कार्लाइल यांनी संख्याशास्त्राने त्यांची तपासणी केली, जपानी भूलतज्ज्ञांच्या संस्थेने २१२ निबंधांची चौकशी केली, आणि त्यांतील १७२ निबंधांत बनावट मजकूर असल्याचा निर्णय दिला. १२६ निबंध तर समूळ कल्पित होते. या कागदांवर ज्या स्त्रिया मोजल्या गेल्या, त्यांतील कितीतरी कधी अस्तित्वातच नव्हत्या. सिम्सने खऱ्या स्त्रियांची वेदना हिशेबात धरली नाही. येथे खोट्या स्त्रियांचे आराम हिशेबात धरले गेले. दोन्ही ठिकाणी अपराध एकच आहे : प्रत्यक्ष स्त्रीच्या साक्षीवाचून निष्कर्ष काढण्याचा.

आता आपल्या प्रांताकडे पाहावे. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी कारभाराचा विचार होता. या निबंधाने जगाची दृष्टी बदलली, आणि त्यासाठी काही मोठे यंत्र लागले नाही. गावात जाऊन, विश्वास संपादून, विचारणे आणि तपासणे एवढेच लागले.

त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ साली, बीड जिल्ह्याच्या ऊसतोड मजूर स्त्रियांची हकीकत देशापुढे आली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस कामावर न गेल्यास बसणारा खाडा, अशा व्यवस्थेत पाळीचे चार दिवस हा आर्थिक गुन्हाच ठरतो. फडात आडोसा नाही, पाणी नाही, रात्री ट्रक भरावयाचे. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून डॉक्टरकडे जावे, तर औषधाने बऱ्या होणाऱ्या संसर्गावरही ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असा सल्ला मिळावयाचा. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे पुढे आले; त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. देशाच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते, हे लक्षात घेतले, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. तिशीत गर्भाशय आणि त्याबरोबर बीजकोशही गेले, तर हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो, आणि ज्या मजुरीसाठी हे केले ती मजुरीच अंगाला झेपेनाशी होते. छत्तीसगड, राजस्थान व बिहार येथील अशाच प्रकारांवरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. आदेश निघाला, अंमल तालुक्याच्या पातळीवर व्हावयाचा आहे.

वेदनाशमनाच्या बाबतीतही कायद्याचा इतिहास बोधप्रद आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनवर इतके परवाने आणि इतकी दप्तरे लादली, की पुष्कळ रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. जो देश औषधासाठी अफू पिकवितो, त्याच देशातील रुग्ण मॉर्फिनविना कण्हत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने ही अडचण पुष्कळशी दूर केली. परंतु तीस वर्षांत एका पिढीच्या डॉक्टरांचा मॉर्फिन वापरण्याचा हातच सुटला, तो परत बसविणे हे शिक्षणाचे काम आहे. अमेरिकेत याच वर्गातील औषधे सैल हाताने वाटल्याने जो अनर्थ झाला, तोही दृष्टीआड करता कामा नये. मोजून द्यावे, नोंदवून द्यावे, आणि मुदत संपताच थांबवावे, या मधल्या वाटेला पर्याय नाही.

हा विषय मराठीत का आणावा, असा प्रश्न कोणी करील, तर त्याचे उत्तर वरील विवेचनातच आहे. ज्या स्त्रीने संमतिपत्रावर सही किंवा अंगठा करावयाचा, तिला त्या कागदावरचा मजकूर तिच्या भाषेत कळला नाही, तर ती संमती नव्हे. हे पुस्तक वाचून कोणी स्वतःच वैद्य होणार नाही, आणि तसा याचा उद्देशही नाही. परंतु शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावर, निदान कशावरून केले, औषधाने वा साधनाने भागेल काय, बीजकोश राखणार की काढणार, आणि नंतरच्या वेदनेची तजवीज काय, हे चार प्रश्न विचारण्याचे बळ ज्या वाचकास येईल, त्याच्यापुरते या ग्रंथाचे काम झाले असे मी समजेन. हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अवमान होत नाही. चांगल्या डॉक्टरचे काम त्यांमुळे सुकर होते.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आणि परिचारिकांना माझी याहून अधिक काटेकोर विनंती आहे. तक्त्यावर ताप आणि नाडी यांच्या शेजारी वेदनेचाही एक रकाना असावा, तो परिचारिकांच्या कामाच्या प्रत्येक पाळीत भरावा, हालचालीच्या वेळचा आकडा त्यात वेगळा लिहावा, आणि आकडा चारच्या वर गेला, की मागणीची वाट न पाहता औषध द्यावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, सरकारी मंजुरी लागत नाही, अंदाजपत्रकात वेगळी तरतूद लागत नाही. जिल्ह्याच्या एखाद्या रुग्णालयाने हा रकाना वर्षभर प्रामाणिकपणे भरला, तर त्यातून आपल्या स्त्रियांच्या वेदनेचे असे ज्ञान निर्माण होईल, जे डेन्मार्कच्या वा फिनलंडच्या अभ्यासांतून आपणास कधीही मिळावयाचे नाही. आणि पुढे कोणी या ग्रंथाची नवी आवृत्ती काढील, तेव्हा तिच्यातील सर्वांत मोलाचे प्रकरण त्या रुग्णालयाच्या दप्तरावरून लिहिले जावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.